माझ्या बाजूची काच

पक्षाघातानं माझा डावा हात आणि डावा पाय नेला, ते मी कसंबसं पचवलं. गाडीच्या काचेचं मात्र मला काही केल्या पचेना.

गाडीत मला पुढं, मुलाच्या शेजारी बसवायचं असं घरात ठरलं होतं. पाय वाकत नसल्यामुळं मागच्या सीटवर तो मावायचा नाही. पुढं बसलं की दरवाजा डाव्या अंगाला येतो. दरवाज्याची कडी डावीकडं, काचेचं बटणही डावीकडं. ज्या हातानं ते दाबायचं तो हात मांडीवर पडलेला, आणि जो धड होता तो पट्ट्यानं बांधलेल्या छातीवरून तिथवर पोचत नव्हता. गाडी बनवणाऱ्यांनी माझा विचार केला नसेल, ते एक वेळ समजू शकते. घरच्यांनीही केला नव्हता, याचा मला राग होता.

"तू सांगजो ना आई, मी करसू खाले," मुलगा म्हणायचा.

पोरगा मनानं चांगला आहे, पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे, माझं औषधपाणी एक दिवस चुकवत नाही. पण सांगावं लागणं म्हणजे काय, हे ज्याला कधी सांगावं लागलं नाही त्याला कळत नाही. पाणी द्या, उशी सरकवा, पदर सारखा करा, मोरीत न्या. सकाळपासून सांगतच असायचं. त्यात आता काच. मी म्हणायची, जरा खाली कर रे. तो म्हणायचा, एसी चालू आहे ना, उसाच्या ट्रॉल्यांची धूळ येते. तरी करायचा खाली. आणि गावाबाहेर पडलो की माझ्याकडं न बघता पुन्हा वर करायचा. चारही काचांची बटणं त्याच्या दारावर असतात, त्याला माझ्याकडं बघायची गरजच नव्हती. मला बंद गाडीत मळमळतं, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्या घराला माहीत आहे.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. पण वैशाखात एक गोष्ट घडली.

नंदुरबारला व्यायामाच्या डॉक्टरांकडून आम्ही परत निघालो होतो. वाटेत मुलानं औषधाच्या दुकानापुढं गाडी थांबवली. उन्हातच, सावलीला जागा नव्हती. म्हणाला, आत्ता आलो. चावी काढली, उतरला आणि सवयीप्रमाणं गाडीला कुलूप लावून गेला. काचा बंद. चावी काढली की काचेची बटणंही मरतात, ती मला दाबता आली असती तरी उपयोग नव्हता. पहिल्यांदा मी काही घाबरले नाही. मग पाठीला घामाच्या धारा लागल्या. मग श्वास जड झाला. पट्टा सोडला असता, पण पट्ट्याशिवाय मी डाव्या अंगाला कलंडते आणि मग स्वतःची स्वतः उठून बसत नाही. उजवा हात ताणून ताणून बोटांची टोकं स्टिअरिंगला लावली आणि हॉर्न दाबला. नंदुरबारच्या बाजारात हॉर्नला कोण विचारतो! एक जण वाकून आत बघून गेला. त्यानं हातानं खूण केली, येईल येईल. त्याला वाटलं म्हातारीला घरी जायची घाई झालीय. मी काचेवर हात मारून दाखवणार तरी कशी, काच डावीकडं होती.

मुलगा आला तेव्हा मी घामानं भिजून पट्ट्यात लोंबकळत होते. त्यानं दार उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"आई, पाचच मिनिटं लागनात ना."

"मना जीव कोंडाई गया व्हता," मी म्हटलं.

तो रडला. खरंच रडला, भर बाजारात. आणि घरी येऊन त्यानं त्याच्या परीनं इलाज काढला. "आते आईले गाडीमा एकली ठेवानं नई," असं त्यानं सुनेला सांगितलं. दुसरं माणूस बरोबर असेल तरच मला न्यायचं. दुसरं माणूस रोज कुठून मिळणार? मग व्यायामाच्या डॉक्टरांनाच घरी बोलवू, लग्नाकार्याला आईचं जाणं कशाला, तिथं तिचे हाल होतात, अशी एकेक गोष्ट ठरत गेली. माझ्या समोर, माझ्या खाटेशेजारी बसून ठरत गेली. चूक त्याची आणि घरात बसायचं मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसलाच न्याय होता हा. मी त्या दिवशी जेवले नाही. रुसून नव्हे, रागानं घास उतरत नव्हता.

आता मी कोण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. मी आणि माझे मालक, आम्ही शहाद्यात अर्धं आयुष्य पंपाच्या मोटारी भरून दिल्या. विहिरीतल्या, बोअरमधल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण तांब्याच्या तारेची वेटोळी भरायचे ते हात माझे. स्टार्टर उघडून दुरुस्त करायचंही मीच शिकले, कारण त्यांना बारीक दिसेनासं झालं होतं. ते गेले आणि दुकान मिटलं. पण दुकान मिटलं म्हणून डोक्यातलं जात नाही. पक्षाघातानं माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. जीभ काही महिने जड होती, तीही मोकळी झाली होती. फक्त लोकांना ते पटत नव्हतं.

मी मनाशी ठरवलं, माझ्या काचेला रिमोट लावायचा. आणि त्याला करंट थेट बॅटरीवरून द्यायचा, म्हणजे चावी कुणाच्याही खिशात असली तरी माझी काच खाली येईल.

मुलाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला बॅटरी उतरेल, मग म्हणाला चोर काच उघडतील. शेवटी मनातलं ओठावर आलं.

"एक हात चालस नई, आनि वायरिंग करशी?"

"एक चालस ना," मी म्हटलं.

गाडीच्या सामानाच्या दुकानदाराला मीच फोन केला. त्यानं मला काकी काकी म्हणत पाच मिनिटं समजावलं की काचेला रिमोट नसतो, दाराला असतो. मी त्याला सांगितलं, मला शहाणपण नको, सामान हवंय. दोन बटणांचा रिमोट, त्याचा डबा, दोन रिले, फ्यूज आणि वायर. सून जाऊन घेऊन आली.

रिले म्हणजे काही जादू नव्हे. रिमोट दाबला की डब्यातून चिमूटभर करंट येतो, त्यानं रिले खटकन ओढला जातो, आणि मग बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. पंपाच्या स्टार्टरमध्ये हेच असतं, फक्त तिथं भाकरीएवढं आणि इथं काडेपेटीएवढं. काचेची मोटर एकीकडं फिरली की काच खाली येते, उलटी फिरली की वर जाते. म्हणून रिले दोन.

मुलगा ड्यूटीला सायकलवर गेला त्या सकाळी आम्ही अंगणात कामाला बसलो. मी खुर्चीवर, गाडीचं दार उघडं, आणि सून पायाशी. ती शिवणकाम करते, बोटं हलकी आहेत, पण वायरीला हात लावायचा म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. दाराचं आतलं पॅनल काढताना एक खुंटी तुटली, तेव्हा तिनं देवाचं नाव घेतलं. मी वायर दातात धरून सोलायला लागले तेव्हा तर ती ओरडलीच.

"आई, तोंडमा काय घालतस!"

"तुन्हा सासरानी जलमभर असंच करं," मी म्हटलं. "मरना नई वायरमुळे."

हळूहळू तिची भीड चेपली. मी सांगायची, ती धरायची. मी सोलायची, ती पिळायची. मला वाटलं होतं तिचा हात म्हणजे माझा डावा हात होईल. तसं काही झालं नाही. माझा डावा हात कधी प्रश्न विचारत नसे. ही प्रत्येक वायरीला विचारायची, ही कुठं जाते, का जाते. सुरुवातीला मी चिडले. मग लक्षात आलं की इतक्या महिन्यांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. औषध घेतलं का, एवढंच विचारायचे.

दुपारपर्यंत जोडणी झाली. रिमोट मी स्वतः दाबला. दारातून आवाज आला, फट्, आणि काच हललीच नाही. फ्यूज उडाला होता. दुसरा घातला, तोही उडाला. तेवढ्यात मुलगा जेवायला आला. उघडं दार, लोंबणाऱ्या वायरी, सीटवर पसरलेले स्क्रू. त्यानं डोक्याला हात लावला.

"कंपनीनी वायरिंगले आते हात लावानं नई," एवढं म्हणून तो आत गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि माझ्याकडं दाखवायला हातही एकच. मला स्वतःचाच संताप आला. जन्मभर मोटारी भरल्या आणि वीतभर मोटर फिरवता येऊ नये? सून म्हणाली राहू द्या आई. मी म्हटलं राहू काय द्या, फ्यूज का उडाला ते कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

दुसऱ्या दिवशी मोटरचा सॉकेट काढून ठेवला आणि टेस्ट लॅम्प घेतला. त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं सुनेनं मोटरकडं जाणाऱ्या वायरीला टेकवलं. दिवा लागला. दुसऱ्या वायरीला टेकवलं, तिथंही लागला. बटणाला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे बटण मोकळं असताना दोन्ही वायरी अर्थला, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला, टेकलेल्या!

मी कपाळावर हात मारून घेतला. चूक अस्सल पंपवाल्याची होती. आमच्याकडं शेतकऱ्याला दुसरं बटण हवं असलं, एक विहिरीवर आणि एक घराजवळ, की पहिल्या बटणाच्या शेजारी दुसरं जोडून द्यायचं. दोघांतलं कुठलंही दाबा, पंप चालू. न दाबलेलं बटण आपलं गप्प बसतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी गाडीतही तसंच शेजारी जोडलं होतं. पण गाडीचं बटण गप्प बसत नाही. कुणी दाबत नसतं तेव्हाही ते मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला धरून ठेवतं. मी रिलेनं प्लस पाठवत होते आणि शेजारचं बटण तो तिथल्या तिथं अर्थमध्ये ओतत होतं. फ्यूज उडणार नाही तर काय होणार!

मग शेजारी जोडून भागणार नव्हतं. कंपनीची वायर मधोमध कापायची आणि रिले मध्ये बसवायचा. त्याला चार पायांचा रिले चालत नाही, पाच पायांचा लागतो. त्याचा पाचवा पाय विश्रांतीचा. रिले निजलेला असताना बटणाची वायर त्या पायातून मोटरकडं जाते, जणू काही बदललंच नाही. रिले ओढला गेला की बटणाशी संबंध तुटतो आणि मोटरला थेट बॅटरी मिळते. सून पुन्हा दुकानात गेली आणि पाच पायांचे रिले घेऊन आली.

मी कटर उजव्या हातात घेतला. तोडायला एकच हात लागतो, तिथं मला कुणाची गरज नव्हती. सून माझ्याकडं बघत होती.

"आई, आज घरमा भांडण व्हई."

"व्हऊ दे. तू वायर धर."

तिनं धरली. मी कापली. आधी एक, मग दुसरी. सांगायला लाज वाटत नाही, त्या दोन कचक आवाजांनी मला जेवढं बरं वाटलं तेवढं महिनाभराच्या गोळ्यांनी वाटलं नव्हतं. मग जोडण्या केल्या, प्रत्येक सांध्यावर टेप गुंडाळला, सुनेनं तो टेप कपड्याच्या काठासारखा बरोबर दुमडून दाबला. फ्यूज घातला. गाडीची चावी मी मुद्दाम स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला लावली. आणि रिमोट दाबला.

खट्. काच खाली जायला लागली. सरसर, पार तळापर्यंत. दुसरं बटण दाबलं, वर आली. पुन्हा खाली. पुन्हा वर. सून टाळ्या वाजवत होती, शेजारीण कुंपणावरून बघत होती की या दोघींना झालंय काय. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण त्या हातात रिमोट होता. वाहू दिलं.

भांडण झालं, पण फार रंगलं नाही. मुलानं बटण दाबून बघितलं, त्याचंही चालत होतं. बोनेट उघडून वायर बघितली, फ्यूज बघितला. दोष काढायला जागा सापडेना. "बरं शे," म्हणाला, आणि तोंड फिरवलं. पण आता मला घरात ठेवायला त्याच्याकडं कारण उरलं नव्हतं. अक्कलकुव्याला नात्यात लग्न होतं. मी म्हटलं, मी येणार. सुनेला शिवणाची घाई होती, ती राहिली. आम्ही दोघंच निघालो. रिमोट मी दोरीत ओवून गळ्यात घातला होता.

अक्कलकुव्याच्या अलीकडं, हायवेला चहाच्या टपरीशी मुलानं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू, एसी चालू. तेवढ्यात टपरीवरून एक गृहस्थ गाडीकडं आले. माझ्या मालकांचे जुने दोस्त, कळसाडीचे, तेही त्याच लग्नाला निघालेले. पक्षाघातानंतर आमची भेट नव्हती. रस्त्याच्या कडेनं आले म्हणून माझ्या बाजूला आले. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून काचेतून आत वाकले. माझ्याकडं बघितलं. मी हसले. त्यांनी माझं हसणं बघितलं की नाही कोण जाणे, कारण त्यांची नजर माझ्यावरून पलीकडं गेली आणि ते काचेबाहेरूनच मोठ्यानं मुलाला म्हणाले,

"वहिनी कशी शे रे आते? मानूस वळखस का?"

"वळखस ना काका," मुलगा माझ्यापुढून वाकून ओरडला.

"बोलस का?"

"थोडं थोडं बोलस."

मी तिथंच होते. दोघांच्या मध्ये, वीतभर अंतरावर. मी गळ्यातला रिमोट धरला आणि खालचं बटण दाबलं.

काच चार बोटं खाली आली आणि ट्रकची धूळ आत शिरली. मुलाचं बोट सवयीनं त्याच्या दारावर गेलं आणि त्यानं काच वर करायचं बटण दाबलं. मी माझं सोडलं नाही. काच थांबली. वर जाईना, खाली येईना. आम्ही दोघं एकदम दाबत होतो तोवर मोटरच्या दोन्ही वायरींना प्लस मिळत होता, आणि दोन्हीकडं प्लस असला की मोटर कुणाचंच ऐकत नाही. मी जोडणी केली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी आलं.

"आई, धूळ ई ऱ्हायनी. सोड ना."

"तू सोड."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रस्त्याकडं नाही, काचेकडं नाही, माझ्याकडं. मीही नजर काढली नाही. बाहेर ते दोस्त चार बोटांच्या फटीतून आमच्याकडं बघत उभे होते, त्यांना काही कळत नव्हतं. माझा अंगठा दुखायला लागला. मी ठरवलं होतं, तो दिवसभर दाबून बसला तर मीही बसेन.

मुलानं बोट उचललं. काच सरसर खाली गेली.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी आठेच शे. माले ईचारा ना."

ते गडबडले. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवून माझ्यासमोर वाकले.

"वहिनी," ते म्हणाले, "कसं शे तुमनं?"

मी सांगायला लागले. कुठल्या दिवशी पडले, काय वाटलं, कोणतं बोट आता हलतं, कोणतं हलत नाही. माझी जीभ एकदोन शब्दांवर अडली, त्यांनी वाट बघितली. ट्रक जात होते, धूळ येत होती, आत सगळ्या सीटवर बसत होती. मुलानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि माझं बोलून होईपर्यंत तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.